न विचारलेल्या वस्तूंची फळी

सोमवार, ३ फेब्रुवारी

चोर. चोरटी. आणखी एक शब्द आहे, तो इथेसुद्धा लिहिणार नाही.

आज फोडाफोडी होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी असते. समोरच्या कंपनीची नवी खेळणी दुकानातून विकत आणायची, लांब टेबलावर वर्तमानपत्रं पसरायची आणि स्क्रू काढून, शिवण उसवून एकेक उघडायचं. प्रत्येकाने घेण्यासारखी एक तरी गोष्ट सांगायची, हा साहेबांचा नियम. विषय कुणाचाही घ्या, चेहरा घेऊ नका — हे ते इतक्यांदा म्हणतात की आता त्यांच्याआधी आम्हीच म्हणून टाकतो. समोरचेही आमची खेळणी अशीच फोडत असणार. आम्ही पक्ष्यांची आगगाडी काढली, वर्षाच्या आत त्यांची मुंग्यांची बोट आली. त्यांनी समुद्राखालची शाळा काढली, मी तळ्यातली लिहिली. याचं कुणालाच काही वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं.

आज माझ्यापुढे त्यांचं नवं पिवळं खोकं आलं. 'दुरुस्तीचं दुकान'. सहा प्राणी, मोडक्या वस्तू नीट करून देतात. देऊ देत बापडे. पाच झाले. सहावं कासव. ते काहीच दुरुस्त करत नाही. दुरुस्त होऊन पडलेल्या, पण ज्या न्यायला कुणी आलंच नाही, अशा वस्तूंच्या फळीशी ते बसतं आणि त्यांच्याशी गप्पा मारतं.

माझी फळी! माझ्या 'हरवलं-सापडलं' या खेळण्यातल्या कचेरीतली. कोपऱ्यात बसणाऱ्या माझ्या खवले मांजराची, खवलीची. कुणी कधी विचारायलाच न आलेल्या वस्तूंची फळी. सहा वर्षं मी खवलीच्या गोष्टी लिहितेय. एकटा हातमोजा, अर्धी शिट्टी, चष्म्याची एक काच. लहान मुलं पत्रं पाठवतात तिला. मला नाही, तिला.

कासवाचं कवच काढलं. आत, स्टिकर लागतो तिथे, अंगठ्याचा ठसा. डावा अंगठा, मधोमध जुन्या जखमेची आडवी रेघ. मूळ मातीच्या नमुन्यावर ती हा ठसा उमटवते आणि साचेवाल्याला पुसू देत नाही. नऊ वर्षं आमच्या खेळण्यांच्या पोटात मी तो बघितलाय.

चिमटी! बारीक कोरकाम चिमट्याने करते म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी सोडून गेली, गेटवर किल्ली ठेवून. मला पहारेकऱ्याकडून कळलं.

टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघत होते. घेण्यासारखी गोष्ट सांगायची माझी पाळी होती. मी म्हटलं, ही घेऊन झालीय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कासव पर्समधून घरी आणलंय. कशाला, कोण जाणे. बूट ठेवायच्या कपाटात टाकलं. तोंड भिंतीकडे करून.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. खोलीत वकीलबाई बसल्या होत्या. केस आखूड, आवाज त्याहून आखूड.

साहेबांचं म्हणणं सरळ आहे. दुकानदार विचारताहेत, एकाच धाटणीची दोन खेळणी कशाला ठेवायची? त्यांचं नवं आहे, आपलं सहा वर्षांचं. 'दुरुस्तीचं दुकान' एप्रिलपर्यंत बाजारातून हटलं नाही तर 'हरवलं-सापडलं' बंद. साचे गोदामात. हे सगळं त्यांनी फार हळहळून सांगितलं, आणि हळहळत असताना फोनवर निरोपही वाचत होते.

मी म्हटलं, मग करा ना दावा. वकीलबाई म्हणाल्या, "विषयावर भांडता येत नाही. माणसावर येतं."

म्हणजे असं : 'फळी' हा विषय कुणीही घेऊ शकतं. पण चिमटीने आमच्याकडे नोकरीत असताना ऐकलेली, दुसऱ्याच्या डोक्यातून निघालेली गोष्ट तिकडे नेली, असं दाखवता आलं तर ती विश्वासघातकी ठरते. समोरचे घाबरून तिला काढतील आणि कासवही मागे घेतील. या धंद्यात तिला पुन्हा कुणी उभं करणार नाही. त्यासाठी मी लिहून द्यायचं की कल्पना माझी एकटीची. आणि त्या वेळचं काही लेखी हवं.

"मी रोजनिशी लिहिते," असं तोंडातून निघून गेलं माझ्या.

वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या. म्हणजे वही, आता तुला परकी माणसं वाचणार. तुला नाही, तुझ्या थोरल्या बहिणींना, जुन्या वह्यांना. लाज वाटली. पण त्याहून जास्त बरं वाटलं. तिला काढतील, या विचाराने बरं वाटलं. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे कबूल करणार नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

लेकीला सांगितलं. सोळा वर्षांची आहे, तिला सगळंच आधीपासून ठाऊक असतं. जेवताना मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "आई, तुझी ती तळ्यातली शाळा कुठून आली होती गं?"

ते वेगळं, म्हटलं.

"कसं?"

कसं ते सांगायला अर्धा तास गेला. बोलता बोलता माझं मलाच पटेनासं झालं, तसा आवाज चढला. समुद्राखालची शाळा हा नुसता विषय होता. ही फळी म्हणजे मी आहे. लेक म्हणाली, मग कासवाच्या खोक्यावर तुझा फोटो छाप म्हणावं. उठून ताट घासायला गेले. एक वाटी फुटली.

मावशीला त्रास देऊ नको, असं जाताजाता म्हणाली ती. मावशी! नऊ वर्षं चिमटीच्या मांडीवर बसून मातीचे साप वळलेत तिने. अजून वाढदिवसाला एकमेकींना फोन करतात, हे मला आज कळलं. माझ्याच घरात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

भेटली. ठरवून नाही. चौकातल्या मोठ्या खेळण्यांच्या दुकानात मी फळ्या बघायला गेले होते, कुठलं खोकं डोळ्यांच्या उंचीला आहे, कुठलं खाली ढकललंय. तीही त्यासाठीच आलेली. या कामातली सगळीच माणसं दुकानात गिऱ्हाइकासारखी हिंडतात आणि काही घेत नाहीत.

दुकानदाराने आमची निळी आणि त्यांची पिवळी खोकी शेजारी-शेजारी लावली होती. आम्हा दोघींना बघून तोच तेवढा खूश. दोन्ही बरोबर जातात म्हणाला, मुलं खवलीला कासवाच्या दुकानात पाठवतात. मला त्याचं तोंड बंद करावंसं वाटलं.

केस पांढरे झालेत तिचे. रंगवत नाही. बरं दिसतं, याचाही राग आला.

मी म्हटलं, "घेतलंस."

"काय?"

"बघ समोर."

तिने बघितलं. मग म्हणाली, "तुझी तळ्यातली शाळा मी कोरली होती. तेव्हा काही म्हणाली नव्हतीस."

"फळी घ्यायची नव्हतीस. बाकी काहीही घ्यायचं."

ती खोक्यावरून अंगठा फिरवत राहिली. आमच्या खोक्यावरून, तिच्या नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "यावर तुझं नाव आहे. माझं आतल्या बाजूला आहे. साहेबांना एकदा सांग, एवढंच म्हटलं होतं मी तुला."

हो, म्हटलं होतं. मी साहेबांशी बोलले नव्हते. त्या आठवड्यात बोलते, पुढच्या आठवड्यात बोलते, असं करत चार महिने गेले आणि ती किल्ली ठेवून गेली. पण याचा फळीशी काय संबंध? काहीच नाही! आपलं नाव लागलं नाही म्हणून दुसऱ्याच्या घरातलं उचलायचं?

हे तिला म्हटलं. मोठ्याने. एक बाई मुलाला घेऊन बाजूला झाली.

चिमटी म्हणाली, "घरातलं," आणि निघून गेली. एवढंच. मी तिथे उभी राहून तिची पिवळी खोकी उलटी लावली. सगळी. अकरा होती. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सुट्टी घेतली. माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. सहा वर्षांपूर्वीची हिरवी. जून महिना. खवली जूनमध्ये सुचली हे पक्कं आठवत होतं. बाबा मेमध्ये गेले आणि जूनमध्ये मला एका दुपारी, एकटीला, खिडकीशी बसून ती सुचली. खिडकीसुद्धा आठवते.

सापडलं. जसंच्या तसं उतरवून काढते, म्हणजे दोनदा वाचून खात्री होईल.

'१८ जून. हॉस्पिटलमधून पुन्हा फोन. बाबांचं कानातलं यंत्र त्यांच्या काउंटरवर राहिलंय, कुणी नेलं नाही. मला जाववत नाही. डबा खाताना चिमटीला सांगितलं. ती मातीचा गोळा वळत होती. म्हणाली, तिथे कुणीतरी असायला हवं ना, जे न्यायला कुणी येत नाही त्यांच्याशी रोज थोडं बोलणारं. मग म्हणाली, खवले मांजर करू या, घाबरलं की गोल होतं. पाच मिनिटांत करून दिलं. मी रडायला लागले. तिने माझ्या डब्यातली भाजी संपवली, वाया जाते म्हणून. संध्याकाळी बसने जाऊन ती यंत्र घेऊन आली.'

खिडकी नाहीच. खिडकीचा उल्लेखसुद्धा नाही.

अक्षर माझं. शाई माझी.

दुपारभर वही घेऊन बसले. तिच्याबद्दल काही वाटलं का? वाटलं. राग. तिने हे दुकानात सांगायला हवं होतं. तोंडावर फेकायला हवं होतं माझ्या. 'घरातलं' म्हणून निघून कसली जाते!

शनिवार, १५ फेब्रुवारी

समोरच्या पानावर २० जून आहे. 'आज खवलीची पहिली गोष्ट लिहून झाली. एका बैठकीत. फळी, मांजर, हातमोजा, सगळं. बाबा असते तर म्हणाले असते, जरा जोरात वाच.'

हेही खरंच आहे. एक शब्द खोटा नाही. चिमटीचं नाव नाही, एवढंच.

मातीचा गोळा म्हणजे गोष्ट नव्हे. चाळीस गोष्टी मी लिहिल्या. ती फक्त बोलली. बोलायला काय जातं? माणसं डबा खाताना काहीही बोलतात. पण ते बोलणं नसतं तर माझ्याकडे काय होतं? न आणलेलं एक यंत्र. बस्स.

सकाळपासून हेच चाललंय, इकडून तिकडे. खवली बंद पडली तर माझ्याजवळ दुसरं काही नाही. लेक दोन वर्षांत बाहेर पडेल. हे रडगाणं नाही, आहे ते आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

२० जूनचं पान काढून वकीलबाईंना दिलं. वही दिली नाही. बाकी खाजगी आहे म्हटलं. त्यांनी एवढं पुरेल म्हणून लगेच प्रत काढून घेतली. मग मी लिहून दिलेल्या कागदावर सही केली. 'सदर कल्पना सर्वस्वी माझी आहे.' सर्वस्वी हा शब्द त्यांचा. सही नेहमीपेक्षा चांगली आली.

साहेबांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

लेक बोलत नाही. तिला काही सांगितलेलं नाही, तरी बोलत नाही. कासव कपाटातून काढून तिने स्वतःच्या टेबलावर ठेवलंय.

शनिवार, २२ फेब्रुवारी

समोरच्यांना नोटीस पोहोचली. साहेब म्हणतात, आता तिला समोर बसवून विचारतील. ती काय सांगणार ते मला माहीत आहे. डबा, मातीचा गोळा, बस. सगळं सांगेल. सांगू दे! माझ्याकडे कागद आहे, तिच्याकडे काय आहे? तिने कधी आयुष्यात काही लिहून ठेवलं नाही.

उत्तरं तयार करून ठेवली. अशी काही आठवण नाही. तेव्हा मी दुःखात होते. डब्याच्या वेळेत तर रोजच गप्पा व्हायच्या. आरशासमोर म्हणून बघितली. तिसरं सगळ्यात छान जमतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

जिंकलो. काल संध्याकाळी समोरच्यांचं पत्र आलं, साहेबांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. कासव बाजारातून मागे घेताहेत. चिमटीला कालच काढलं. सोबत तिच्या हातचा जबाब आहे, वाकड्यातिकड्या अक्षरात, चार ओळी. 'कुणी न विचारलेल्या वस्तूंची कल्पना मूळ माझ्या मैत्रिणीची. तिचे वडील गेले तेव्हा तिला सुचली. मी जवळ बसले होते म्हणून ती कल्पना मला माझीही वाटायला लागली. चूक माझी आहे.'

ती खोटं बोलत नाहीये. तिला तसंच आठवतंय.

हिरवी वही पर्समध्ये घातली आहे. वकीलबाईंचं ऑफिस दहाला उघडतं. आता सव्वाआठ.