बाहेरचे परीक्षक

८ जानेवारी, ब्रह्मपुरी

पोचले एकदाची. मॉरिशसहून निघाल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवले. वनस्पतिशास्त्राचं एक सत्र इथल्या महाविद्यालयात करायचं. पास झाले तर ते तिकडच्या पदवीत धरतील, नाहीतर अख्खं वर्ष पाण्यात. खोलीतली दिव्या आरमोरीची आहे. भराभर बोलते आणि माझी मराठी ऐकून खो-खो हसते. म्हणाली, 'तू तं पुस्तकावानी बोलतं.' बोलणारच. आजोबांनी व्याकरण घोटून घेतलंय.

२१ जानेवारी

इथली पद्धत काही केल्या डोक्यात शिरत नाही. तिकडे वर्गात कोण आलं नि कोण नाही, याची कुणाला पडलेली नसते. इथे रोज नाव पुकारतात आणि सगळे झोपेतसुद्धा 'हजर' म्हणतील अशी सवय. मी गप्प बसते आणि गैरहजर ठरते. तिकडे उत्तरपत्रिकेवर आमचं नावही नसतं. इथे म्हणे तोंडी परीक्षा, तीही दुसऱ्या महाविद्यालयातून आलेल्या परीक्षकांसमोर. त्यांना सगळे नुसतं 'बाहेरचे' म्हणतात, आणि तो शब्द काढला की आमच्या गटातला दांडगा प्रणितसुद्धा गार पडतो. मला लेखी द्या ना, हवं तितकं लिहीन.

३ मार्च, नागभीडच्या पुढे

जंगलात शिबिराला आलोय. राजदीप सर आणि आमचा तिघांचा गट: प्रणित, दिव्या आणि मी. सागाच्या डेपोमागची रिकामी शाळा, फोनला रेंज नाही, जीप संध्याकाळी परत येणार. मोह फुललाय, सगळीकडे गोड आंबूस वास. तोंडी परीक्षा इथेच आहे. सरांनी आत्ताच सांगितलं, बाहेरचे आले, झाडांतून चालतच आले, आतल्या खोलीत बसलेत. सर खूश आहेत; एरवी त्यांना गाडी पाठवावी लागते.

स्वयंपाकाला आलेल्या दसरूभाऊंनी त्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं आणि हातातलं भाताचं पातेलं खाली टाकलं. मला म्हणाले, 'हे बाहेरचं हाय, बाई. त्याले तोंडानं जबाब देऊ नोका.' मी त्यांना सुधारलं. बाहेरचं नाही, बाहेरचे म्हणावं, मोठ्या माणसाबद्दल आदराने बोलावं. ते अनवाणीच रानात पळाले. भात सगळा मातीत गेला.

३ मार्च, दुपार



आतून प्रणितचं नाव पुकारलं. तो हजर म्हणाला, आत गेला. आला तो भिंत धरून. खालचा जबडा नव्हता. जीभ नव्हती. छातीभर रक्त, आणि डोळे आमच्याकडे. पायरीवर पडला आणि तिथेच गेला. सर काठी घेऊन आत धावले. हाडं मोडल्याचा आवाज आला, मग सरांचा हात दारातून बाहेर पडला. नुसता हात.

दसरूभाऊ बरोबर बोलत होते. मी मूर्ख, व्याकरण शिकवत बसले.

पळणार तेवढ्यात आतून दिव्याला हाक आली. प्रणितच्या आवाजात. मी तिचं तोंड दाबायला धावले, पण मेली सवय — हजर म्हणून गेली. पाय आपोआप आत वळले तिचे. मी वेणी धरून ओढत होते. वेणी हातात राहिली. कातडीसकट.

नंतर

कोपऱ्यातल्या वर्गात कडी लावून बसलेय. खिडकीला गज आहेत. माझं नाव घेतंय — विशाखा, विशाखा — दिव्याच्या आवाजात, तसंच हसत. मी हजर म्हणत नाही. मला ती सवय नाही, म्हणून अजून जिवंत आहे.

जीप अजून

कडी हलतेय —

पान फाडून दाराखालून सरकवलं. लिहिलं, तोंडी नको, लेखी घ्या.

कडी हलायची थांबली.

चालेल म्हणतंय —

कडी तुटली. लेखी हाय तं हात दे, म्हणतंय —

उजवा गेला. हे डाव्याने. पान ओलं, अक्षर दिसत नाही. दिव्याच्या आवाजात विचारतंय, पुरवणी लागते का — डाव्याकडे बघतंय