संचिताचा सोनू

रविवार, १२ जानेवारी २०२५

भाईंदरजवळच्या चौक कोळीवाड्यात जाऊन आले. अंगाला अजून सुक्या मासळीचा वास. उदयने उठून खिडकी उघडली. पंचवीस वर्षांच्या संसाराने नवरा एवढा तरी तयार होतो.

रविवार हा माझा कामाचा वार. सरकारी कचेऱ्यांना कुलूप लागलं की आमची, बालसंरक्षणवाल्यांची पाळी सुरू. मुलांवरची संकटं कचेरीची वेळ बघूनच येत असावीत. आमच्या कामाला ओव्हरटाइम मिळत नाही, पण संकटांचा उत्साह कमी होत नाही!

फोन मासे सुकवणाऱ्या एका मावशीचा. बसथांब्यावर दोन पोरं बसलीत म्हणे. "सकालपासून बसली हाय पोरगी. आई येल म्हनते. कोन येत न्हाय." गेले तर तिने त्यांना भात-कालवण घालून ठेवलेलं. पोरगी उठायला तयार नाही. आई आली आणि आपण नसलो तर? शेवटी मावशीने देवाची शपथ घेतली, की बाई आली तर तिला धरून ठेवीन. मग उठली.

नाव संचिता. वय सांगते नऊ, दिसते सात. कडेवर सोनू — तीन-साडेतीनचा. आई आशा, बांधकामावर मजुरी करते. वडील माहीत नाहीत. सकाळी इथे बसवून "आलेच" म्हणाली आणि गेली.

हा कोण, विचारलं. "भाऊ. माझा सख्खा भाऊ." मी तसं लिहून घेतलं.

जीपमध्ये तो तिच्या मांडीवर झोपला. ही सगळा रस्ता त्याच्या कानावर तळवा धरून. हॉर्नला दचकतो, म्हणाली. आमचा ड्रायव्हर रवी जन्मात पहिल्यांदा हॉर्नशिवाय भाईंदरात शिरला.

सोमवार, १३ जानेवारी

नियम पहिला — मूल सापडलं की चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं. नेलं. नियम दुसरा — सहाच्या आतलं मूल शिशुगृहात, त्याच्या वरची मुलगी मुलींच्या बालगृहात. मधे अर्धा जिल्हा.

भावंडं शक्यतो एकत्र ठेवावीत, असंही नियमांत आहे. शक्यतो! केवढा ऐसपैस शब्द. आख्खा जिल्हा मावला त्यात.

भावंडं आहेत म्हणून दर रविवारी भेट मंजूर करून घेतली. तेवढंच माझ्याने झालं.

सोनूने तिच्या फ्रॉकचा घेर मुठीत धरलेला. शिशुगृहाची आया ओढायला पुढे झाली तर संचिता म्हणाली, थांबा. स्वतःच त्याची बोटं सोडवली — गाठ सोडवतात तशी, एकेक. मग त्याला म्हणाली, "पाणी पिऊन आलेच."

आईचीच युक्ती. याही वेळी चालली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. कचेरीत तिळगूळ वाटला. सगळे गोड बोलले. मी नाही बोलले.

रविवार, २६ जानेवारी

पोलिसांकडून कळलं — संचिताने खूण सांगितली ती बांधकामावरची शेडच उठली. इमारत पुरी झाली, मजूर पांगले. कुठून कुठे गेले, कुणी सांगू शकत नाही. आशाचा फोन बंद. वर्तमानपत्रात फोटो देऊन झाला.

आज भेटीचा दिवस. बालगृहात झेंडावंदनाला बुंदीचा लाडू मिळालेला. संचिताने तो रुमालात बांधून आणला. शिशुगृहात पोचेपर्यंत त्याची नुसती बुंदी झालेली. सोनूने तिच्या तळहातावरून एकेक कळी उचलून खाल्ली. ती बघत होती. मी विचारलं, तू नाही खाल्लास? म्हणाली, मला आवडत नाही.

नऊ वर्षांची, आणि बुंदी आवडत नाही. आमच्या आईलाही दुधावरची साय कधीच आवडायची नाही.

निघताना आज "पाणी पिऊन आलेच" चाललं नाही. रडला खूप. ही दारापर्यंत ताठ चालत गेली आणि जीपमध्ये बसल्यावर ओकली.

रविवार, २ फेब्रुवारी

भेटीहून परतताना रवी विचारत होता, मॅडम, या सोनूला कोणी दत्तक घेईल का? गोरागोमटा आहे, हसतो छान.

मी म्हटलं, अरे बाबा, एकटा असता तर वर्षात घर मिळालं असतं. रांग लागलीय लोकांची तीन वर्षांच्या पोरांसाठी. पण बहिणीसकट? नऊ वर्षांची बहीण म्हणजे फ्लॅटबरोबर जुना भाडेकरू. जोडी फोडायला कायदा परवानगी देत नाही, आणि जोडी घ्यायला कुणी तयार नाही.

रवी हसला. मीही हसले. माझ्या विनोदांना हसणारा तेवढा एकच उरलाय.

संचिता मागच्या सीटवर झोपलेली होती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पंचशीलाचा फोन. दिवसपाळीची सामाजिक कार्यकर्ती — मी रात्री-रविवारी जे उचलून आणते ते पुढे निभावते ती. आज संचिताला समितीपुढे नेलं होतं. पुढची व्यवस्था ठरवायची म्हणून नेहमीचे प्रश्न विचारले. तर ही उभी राहिली आणि म्हणाली, "सोनू माझा भाऊ नाही. माझा कोणी नाही तो."

दोनदा विचारलं. दोनदा तेच.

पंचशीला म्हणते, आवाजसुद्धा हलला नाही तिचा.

ती झोपली नव्हती तर. जीपमध्ये झोपलेली नव्हती!

बुधवार, १२ फेब्रुवारी

झोप नाही. उदयला सांगितलं सगळं. तो म्हणाला, तू काय मुद्दाम बोललीस का? नाही. मुद्दाम नाही. पोरांसमोर धंद्याच्या गोष्टी बोलायच्या नाहीत, हे मी नव्या मुलींना शिकवते. माझ्या ट्रेनिंगचा पहिला तास तोच असतो.

एवढीशी पोर. भावाला घर मिळावं म्हणून त्याच्या आयुष्यातून स्वतःचं नाव खोडते. आणि हे तिच्या डोक्यात घातलं कुणी? भाईंदरच्या इंद्रलोकात राहणाऱ्या, संस्कृतात एम. ए. झालेल्या गिरिजाबाईंनी — म्हणजे मीच.

मी हे उलटवणार.

रविवार, १६ फेब्रुवारी

समितीने भेटी तूर्त थांबवल्यात. आज एकटी बालगृहात गेले. ती अंगणात दुसऱ्या मुलींचे केस विंचरत होती. बाजूला घेतलं. म्हटलं, मला ठाऊक आहे तू का खोटं बोललीस.

"नाही बोलले, मॅडम. खरंच तो माझा भाऊ नाही."

म्हटलं, हो ना, हरिश्चंद्राची पणती तू!

हसली नाही. "राहू दे ना. त्याला घर मिळू दे."

बघ, म्हटलं, आलं ना बाहेर! तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, मी तुम्हा दोघांना एकत्र आणणार. घर मिळेल तर दोघांना मिळेल. ती माझ्या पदराचा काठ बघत राहिली. म्हणाली, "नका ना विचारू कोणाला काही."

दया आली मला तिची. केवढा धीर धरून खोटं रेटतेय!

गुरुवार, २० फेब्रुवारी

समितीला अर्ज दिला — दोघांची डीएनए तपासणी करावी.

पंचशीला वैतागली. तिचं म्हणणं, अगं, तुझा पहिल्या दिवशीचा जबाब आहे. सख्खा भाऊ, असं तिच्याच तोंडचं. मासेवाली आहे, मी आहे. एकत्र वाढलेली मुलं आहेत, वेगळी करू नका, एवढं लिही आणि थांब. समिती ऐकेल. रक्तापर्यंत कशाला जातेस?

मी तिला न्यायशास्त्र ऐकवलं. शब्दप्रमाण आहे, पण पोरीने ते स्वतःच फिरवलं. अनुमान समिती मानेल की नाही सांगता येत नाही. प्रत्यक्ष समोर ठेवलं की प्रश्न मिटला. कुणी पुन्हा तोडू शकणार नाही त्यांना.

पंचशीला म्हणाली, "गिरिजाताई, तुझ्या शास्त्रात गप्प बसायला काही शब्द आहे का गं?"

आहे. मौन. मी तिला तो सांगितला आणि अर्ज सही करून दिला.

मंगळवार, ११ मार्च

रक्त घेतलं दोघांचं. महिन्याभराने भेटले एकमेकांना — सुईच्या निमित्ताने.

सोनू आधी लांबूनच बघत राहिला. मी घाबरले, विसरला की काय. मग "ताई" म्हणून असा धावला की मधलं स्टूल आडवं झालं. संचिताने त्याला उचललं नाही. हात पाठीमागे बांधून उभी. तो गुडघ्यांना मिठी मारून, वर बघत. नर्स म्हणाली, बहीणभावाचे डोळे किती सारखे आहेत ना!

मी पंचशीलाकडे बघितलं — बघ म्हणून.

सुई टोचताना तो किंचाळला. तेव्हा मात्र तिचा हात सुटला आणि त्याच्या डोळ्यांवर गेला. तसाच धरून राहिली, त्याला सुई दिसू नये म्हणून.

रविवार, १३ एप्रिल

रिपोर्ट नाही. तोवर दोघांचंही पुढचं थांबलेलं. मासेवाल्या मावशीचा फोन होता. आशा आलेली नाही, पण मावशी रोज बसथांब्यावर नजर ठेवते. शपथ घेतलीय ना, म्हणाली.

शिशुगृहातली आया सांगत होती, सोनू जेवताना पहिला घास बाजूला काढून ठेवतो. कुणासाठी ते सांगत नाही.

उदय म्हणतो, तू जिंकशील. या घरात मी हरलेली त्याने कधी पाहिली नाही. बिचारा.

सोमवार, २८ एप्रिल

रिपोर्ट आला. दोघांचं रक्ताचं काही नातं नाही.

पंचशीलाने फोनवर वाचून दाखवला. समितीने आजच ठरवलं — सोनूची फाइल वेगळी, दत्तकासाठी पुढे जाईल. भेटी कायमच्या बंद. कोणी लागतच नाही, तर भेट कसली? आता "एकत्र वाढलेली" म्हणायलाही जागा नाही. मीच ठेवली नाही.

तिला सांगायला मीच गेले. ऐकून घेतलं तिने. म्हणाली, शेडमधल्या एका बाईचा तो. गावाला जाऊन येते म्हणून हिच्याजवळ ठेवून गेली, ती आलीच नाही. तेव्हा चालतासुद्धा येत नव्हतं त्याला.

विचारलं, मग पहिल्या दिवशी मला सख्खा भाऊ का म्हणालीस?

"नाहीतर तुम्ही त्याला माझ्यापासून वेगळा नेला असता."