ठकुबाईचे ठोके

हिर्डोशी
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शुभ्रास आशीर्वाद. वरद आणि नात राजनंदिनी मजेत असतील असं धरून चालते, कारण भांडायचं हाय ते तुझ्याशी.

दिवाळीनंतर पुण्याला गेलो तवा डॉक्टरला "आमच्या आई एकदम ठणठणीत आहेत, रोज डोंगर चढतात" असं कशाला सांगितलंस? पेशंट कोण, तू का मी? मी शेजारीच खुर्चीत होते, तोंड शिवून आले नव्हते. त्यांनी तुझं ऐकलं, मोबाईलातल्या रेघा बघितल्या आणि माझी छातीची, ठोके आवरायची गोळी अर्धी करून टाकली. वर तू "थँक्यू सर" म्हणालीस. सून शिकलेली असली की सासूनं गप बसायचं, असं कुठं लिहिलंय का?

हे फोनवर बोलले असते. पर रेंज देवळापाशी, आणि पारावर ही माणसं कान टवकारून बसलेली. "नलूकाकू, डॉक्टर काय म्हनतोय?" म्हणून लगेच विचारत्यात. म्हणून चौथीतलं अक्षर बाहेर काढलं. गेनूच्या दुधाच्या टेम्पोबरोबर भोरला तुझ्याकडं धाडते. पाकीट खळीनं चिकटवते. त्यानं फोडलं तर त्याला बघून घेईन.

भात झोडून झालं. पेंढा बरा निघाला. म्हशीला पुरंल.

परवा खळ्यावर पडले. घाबरू नको, पेंढ्यावर पडले, लागलं न्हाई. पेंढी उचलली आणि छाती उठली. कोंबडी पाटीखाली कोंडली की फडफडती ना, तसं आत. एक ठोका हितं, दुसरा तिथं, मधला कुठं गेला पत्ता न्हाई. मग डोळ्यापुढं काळं. शेजारची ठकुबाई धावली, तोंडावर पाणी मारलं आणि काय म्हणाली म्हाईत हाय? "बये, आता सुनेला सांगतीस का मी जाऊन सांगू?"

तिला म्हटलं, तू तुझी शेरडं सांभाळ.

पर तवापासून एका जागी बूड टेकत न्हाई. बसले की उठावंसं वाटतं, उठले की बसावंसं. भाकरी थापता थापता तीनदा दारापर्यंत जाऊन आले. कुणी येणार नव्हतं. तवा जळला. हे पत्रसुद्धा अर्धं चुलीपाशी आणि अर्धं गोठ्यात लिहिलंय.

आता घड्याळाचं. गणपतीत तू ते माझ्या हातात बांधलंस, ठोके मोजायला. पट्ट्याखाली खाज येती. शेणात हात घालता येत न्हाई. वरद रविवारी येतो, त्यातलं सगळं मोबाईलात उतरवून नेतो आणि म्हणतो, "आई, किती चालतेस गं! ठोके तर बघ, शाळेतल्या पोरीगत." मी त्याला चहा देते.

ते ठोके माझे न्हाईत. ठकुबाईचे हायत.

म्याच बांधलं तिच्या हातात. ती माझ्याहून मोठी, पर शेरडामागं घाटाकडं अशी चढती की बोकड मागं पडतो. "ह्यानं माझं रगत तर न्हाई ना शोषत?" म्हणाली. म्हटलं, न्हाई शोषत, बांध. रातीला हात हलवला की उजेड पडतो म्हणून खूश झाली. शनिवारी मी काढून घ्यायची, रविवारी वरद गेला की परत तिच्या हातात. पुण्यात छातीला वायरी लावून पट्टी काढली तवा माझे ठोके नेमके सरळ पडले, म्हणून कुणाला संशय आला न्हाई.

का केलं म्हणशील. खाज येती म्हणून न्हाई.

गणपतीत डॉक्टर तुला काय बोलले ते मला कळलंय. तुमी इंग्रजीत बोलला तरी. स्टॉप कळायला काय लागतंय, रोज त्याच्यावर उभी असते. ही रक्ताच्या कॅन्सरची गोळीच छाती पळवती, आणि छाती अशीच पळत राहिली तर ती गोळी बंद करायची. व्हय ना? तू बाहेर येऊन मला म्हणालीस, "काही नाही आई, रूटीन होतं."

माझ्या मानेच्या गाठी तू बघितल्यास. लिंबाएवढ्या. ब्लाऊजचा गळा उसवून घेतला होता, कूस बदलता येत नव्हती. ही गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात गाठी विरघळल्या. अजून मी न्हाताना रोज मान चाचपते. ती गोळी कुणी काढून घेणार असंल तर ठकुबाईचं काय घेऊन बसलीस, गावातल्या बैलाचे ठोके आणून दाखवीन.

पर खळ्यावर पडले तवा कळलं, डॉक्टरनं छातीची गोळी अर्धी केली ती ठकुबाईची छाती बघून. गिळते मी.

हे वरदला वाचून दाखवू नको. तो रडतो, मग त्यालाच समजवत बसावं लागतं. तू रडत न्हाईस. आधी मला तुझं ते आवडायचं न्हाई.

घड्याळ आता माझ्याच हातात हाय. आकडा लिहीत न्हाई.

डॉक्टरला खरं सांग. सगळं, ठकुबाईसकट. शिव्या देतील त्या मी खाईन. पर शुक्रवारची तारीख हाय म्हणून थांबू नको, पत्र मिळालं की त्यांना फोन लाव. दोन गोष्टी विचार. छातीची गोळी अर्धी घेऊ का आख्खी? आणि रक्ताची गोळी बंद करणार असतील, तर तिच्या जागी दुसरी हाय का न्हाई? "बघू", "काळजी करू नका" असलं मला लिहू नको. हाय तर हाय लिही. न्हाई तर न्हाई लिही, मी वाचीन. मला मरायचं न्हाई, शुभ्रा. हे आजवर कुणापाशी बोलले न्हाई.

गेनूचा टेम्पो बुधवारी सकाळी भोरहून परत निघतो. त्यात तुझं उत्तर पाहिजे. बुधवारी म्हणजे बुधवारी.

रस्त्यावर उभी असेन,
तुझी सासू
नलू