पांढऱ्या रंगाचे दोन हात

प्रिय ताई,

पिटू तुला ताई म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो होतो. तो गेल्यावर ते आपसूक बंद पडलं. भाऊ गेला आणि त्याच्याबरोबर आपलं घरातलं नावही गेलं, याचं नऊ वर्षांच्या पोरीला काय वाटलं असेल, हे आम्ही कधी विचारलं नाही. आज लिहायला बसलो आणि हात आपोआप ‘ताई’वरच गेला. रागावू नकोस.

माझं ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, तीस वर्षं शिडीवर काढल्यावर तेवढं चालायचंच. परवा पेपरात तुझ्या नव्या भिंतीचा फोटो आला होता. चार मजली भिंत, तिच्यावर एक बंद दार, आणि बाजूला तुझं ते वळणदार अक्षर:

आई म्हणजे
आतून लागलेली कडी.
मी बाहेर उभी आहे,
वाजवत नाही, एवढंच.

रंगाऱ्याच्या नजरेनं सांगतो, दाराची सावली झकास पडलीय. आईनं ओळी दोनदा वाचल्या, मग पेपरची घडी करून उशीखाली ठेवली. त्या ओळींबद्दल मला काही सांगायचंय आणि तोंड उघडायला मला दहा वर्षं लागली.

आई ज्या इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची, त्याच्या फाटकासमोर तू पहिली भिंत रंगवलीस. एकोणीस वर्षांची होतीस. पिटू टाचा उंचावून दारावरच्या खुणेला हात लावायला बघतोय, आणि खाली:

भावाची उंची दारावर आहे,
सहाव्या वर्षी थांबलेली.
मी तेवढी वाढत गेले,
कुणाला न विचारता.

भिंतींवरचं असलं काही पुसणाऱ्या पालिकेच्या टोळीत मी होतो. अक्षर बघताक्षणी ओळखलं. साहेबांच्या यादीतून ती भिंत मी दोनदा गाळली, हे तुला कधी सांगितलं नाही. पुढचंही सांगितलं नाही. आई कामावर जाताना तिथे थांबायची, सुटल्यावर थांबायची. आधी पाच मिनिटं, मग तासभर. तिचं जेवण तुटलं. थंडी पडली तेव्हा तिनं पिटूचा जुना स्वेटर नेऊन भिंतीच्या पायाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता, तर ही बाई भर रस्त्यात कचऱ्याचे डबे उपसत बसली. लाँड्रीतल्या बायकांनी मला बोलावून घेतलं. धरून घरी आणलं, तर म्हणाली, “त्याला थंडी वाजत असेल हो.”

त्या रविवारी दुपारी मी पांढऱ्या रंगाची बादली उचलली आणि भिंत पुसली. मी पुसली, ताई. पहिल्या हाताखालून त्याचे डोळे दिसत राहिले, म्हणून दुसरा हात मारावा लागला. इतक्या भिंती पुसल्या, पण ब्रश एवढा जड कधी लागला नव्हता.

संध्याकाळी तू दारातूनच ओरडलीस, “कुणी पुसलं?” मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “मी तक्रार केली. मला बघवत नव्हतं.” तू तिच्याकडे कसं पाहिलंस ते मी बघितलं आणि गप्प बसलो. तू बॅग भरलीस, तेव्हाही गप्पच. मग तिला विचारलं, हे काय केलंस? तर म्हणाली, “तुमच्याशी तिचं पटतं. दोघांवर रागावली तर पोर फोन कुणाला करेल?” खरं सांगू? मला ते सोयीचं होतं.

तू फोन केलेस. दर रविवारी, तिचं नाव न काढता. फोन स्पीकरवर असतो, ताई. आई नळ बंद करून, पंखा बंद करून माझ्यासमोर बसते. जेवते का विचारा, खोकला गेला का विचारा, शिडी धरायला कुणी असतं का विचारा, सगळं खुणांनी. एकदा तू म्हणालीस, “बाबा, किती बारीकसारीक विचारतोस रे!” तेव्हा ती तोंडावर हात दाबून हसली. मग आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

हे मी कुणालाही सांगणार नाही असा तिला शब्द दिला होता. तो आज मोडतोय. तिच्या नकळत जिन्यात जाऊन तुला दोनदा फोन लावला, पण तू ‘हॅलो’ म्हणालीस की माझी दातखीळ बसते, म्हणून हे पत्र. कुरिअरनं पाठवतोय, उद्या मिळेल. गेले दोन रविवार मी तुझा फोन तिच्या खाटेशेजारी बसून घेतला. मागे कसला आवाज येतोय असं तू विचारलंस आणि मी शेजाऱ्यांवर ढकललं. ते तिच्या श्वासाचं यंत्र होतं. डॉक्टर आता आठवड्यांची भाषा करत नाहीत, दिवसांची करतात. तिनं तुला बोलावलेलं नाही, तुझं काम अर्धवट राहील म्हणते. मी बोलावतोय. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, मला चालेल. आईच्या लाँड्रीचंच इस्पितळ, तिसरा मजला, खिडकीकडची खाट. भेटीची वेळ चार ते सहा आहे, पण नर्सांनी सांगितलंय, मुलगी कधीही येऊ दे.

तुझाच,
बाबा