भरलेल्या बंदुकीची वाटणी

मी, गोपाळकृष्ण रावसाहेब चिंचणीकर, वय छप्पन्न, व्यवसाय परगावच्या वर्तमानपत्रांना पुण्याचे वार्तापत्र धाडणे, राहणार कोथरूड, माझ्यामागे कोणाला काय मिळावे हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो.

आरंभीच एक गंभीर तक्रार. वकिलांच्या नमुन्यात 'कोणत्याही अमलाखाली नसून' असे वाक्य आहे. आमचे दूधवाले सुखदेव तापकीर आज सकाळपासून फिरकलेले नाहीत. कोऱ्या चहाच्या अमलाखालील मनुष्य शुद्धीवर मानावा काय, हे न्यायालयाने ठरवावे. बाकी मन स्थिर आहे. पत्नी हेमा फाल्गुनात गेली, तेव्हापासून ते हललेलेच नाही.

१. कोथरूडचा फ्लॅट आणि बँकेतील शिल्लक मुलगा सलिल व सूनबाई पूर्णिमा यांना समाईक. सोसायटीच्या अध्यक्षांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. पार्किंगचा विषय ते तिथेही काढतील.

२. संस्कृत ग्रंथ मी जिथे शिकलो त्या पाठशाळेस. गुरुजी म्हणत, "चिंचणीकर, तुला शास्त्र येईल, व्यवहार येणार नाही." त्यांचे निम्मेच खरे ठरले. कोणते निम्मे, हे विचारू नये.

३. वडिलांची, म्हणजे नानांची, ठासणीची बंदूक सलिलला. नळीच्या तोंडातून दारू आणि शिशाची गोळी घालून गजाने ठासायची, त्या जुन्या जातीची ही बंदूक. परवाना माझ्या नावे आहे. माझ्यामागे सलिलने रीतसर अर्ज करावा, नको असल्यास जमा करावी.

हिची हकीकत इथे नोंदवणे भाग आहे. आमच्या घरची रीत अशी की खंडेनवमीला शस्त्रपूजा झाली की नाना बंदूक भरीत, आणि दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी खराडीच्या आमच्या शेतात आभाळाकडे बार उडवीत. चौऱ्याण्णव साली नवमीला त्यांनी ती भरली आणि दसऱ्याच्या पहाटे ते गेले. त्या गडबडीत कोणीतरी बंदूक भिंतीला लावली. मला वाटले, धाकट्या भावाने, अनंताने, बार काढला असेल. त्याला वाटले, मी. पुढे शेत विकले गेले. भरणे आणि उडवणे थांबले, पूजा थांबली नाही. त्या शेतावर आता काचेची इमारत आहे आणि सलिल तिच्यात दिवसभर संगणकासमोर बसतो. सीमोल्लंघन तो कंपनीच्या बसने करतो.

हेमा दरवर्षी नळीसमोर बसून विचारी, "अहो, कुंकू हिच्या तोंडाला लावू की दस्त्याला?"

"तोंडालाच लाव," मी म्हणे. "या घरात तेवढंच एक तोंड गप्प असतं."

ती गेल्यावर तिच्या साड्या आवरताना मी बंदूक खाली काढली, धूळ पुसली आणि सहज नळीत गज घातला. रिकाम्या नळीत तो तळापर्यंत जायला हवा. चार बोटे वरच थांबला. काढून पुन्हा घातला. पुन्हा तिथेच. म्हणजे हेमा इतकी वर्षे भरलेल्या बंदुकीच्या तोंडाला कुंकू लावीत होती. हे कळल्यावर मी गज पुसला, बंदूक जागेवर लावली आणि जेवायला बसलो.

४. असा अडकलेला बार न उडवता काढण्यासाठी नानांकडे एक साधी वस्तू होती. बोटाच्या पेराएवढे पोलादी मळसूत्र आणि त्यामागे पितळेचे कडे. ते गजाच्या टोकाला बसते. कड्यामुळे ते नळीच्या मधोमध राहते, पिळले की मऊ शिशात रुतते, आणि गोळी बाहेर ओढता येते. नानांच्या वाटणीत बंदूक मला आली आणि तिच्या सामानाची पेटी अनंताला. अशी वाटणी सख्खे भाऊच करू जाणे.

मी नारायण पेठेत त्याच्या घरी गेलो.

"अनंता, नानांचं मळसूत्र दे. बंदूक भरलेली आहे."

"छे रे अण्णा! बार निघालाय. मी ऐकला त्या दिवशी."

"तो शेजाऱ्यांचा फटाका होता. सुतकाच्या घरापाशी वाजवला म्हणून तू भांडायला गेला होतास."

"मग आत गंज साठला असेल."

आतून त्याच्या पत्नीचा, दुर्गाबाईंचा, आवाज आला. "अहो, ते बुचांचं ना? देऊन टाका भावजींना. परवा निम्मं बूच बाटलीतच पडलं."

परदेशी बाटल्यांना बाजारपेठ खुली झाली तेव्हापासून आमचा अनंता नानांच्या मळसूत्राने परदेशी द्राक्षासव खुले करीत आहे, हे मला असे कळले. "दुसरं आणतो, मग देतो," म्हणाला. अजून आणतो आहे. मळसूत्र कायद्याने त्याचे आहे, सबब ते कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. तरी ते मी सलिलला देत आहे. अनंताला माझ्या शिलकीतून बुचे काढण्याचे चांगले हत्यार घेऊन द्यावे. भांडण त्याच्यापाशीच राहू द्यावे, त्याला करमत नाही.

५. सलिलने क्रम पाळावा. आधी घोडा हलकेच उचलून खाली ठिणगीची टोपी असल्यास काढावी. मग नळीत पाणी ओतून दारू पुरती भिजू द्यावी. मग मळसूत्र. तोंडासमोर कोणीही, स्वतःही, उभे राहू नये. नाना म्हणत, "भरायला कोणीही चालतो. काढायला भित्राच माणूस लागतो." हे झाल्याखेरीज बंदूक कोणाच्या हाती देऊ नये.

स्थळ : कोथरूड, पुणे. मंगळवार, १० नोव्हेंबर २००९.

(सही) गोपाळकृष्ण रावसाहेब चिंचणीकर

आम्हां दोघांदेखत त्यांनी सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही :

(सही) मुक्ताबाई आगाशे, शेजारी

(सही) सुखदेव तापकीर, दूधवाले. अखेर आले. सही करण्यापूर्वी त्यांनी विचारले, "काका, ह्याच्यात दूध बंद करायचं काय लिवलंय का?" लिहिलेले नाही.

सहीखालचा मजकूर कायदा धरीत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून हे इथे लिहितो.

सलिल, परवा रविवारी तुम्ही आला होता. तू आणि पूर्णिमा स्वयंपाकघरात होता. स्वराली स्टूल ओढत बंदुकीपाशी गेली, वर चढली आणि नळीला डोळा लावून म्हणाली, "आजोबा, आत कोण राहतं?"

मी पाहत होतो. आत काय आहे, हे आपल्यापैकी फक्त मला ठाऊक होते. माझ्या छातीत काहीच झाले नाही. मी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा काढला, आणि मग म्हणालो, "खाली उतर." ती उतरली. त्यानंतरही मी घोड्याखाली टोपी आहे की नाही, ते पाहिले नाही.

मला बंदुकीची काळजी नाही. मला तिची भीती वाटत नाही, याची काळजी वाटते.

त्या खोलीला कुलूप लावून किल्ली मुक्ताबाईंकडे दिली आहे. हा कागद सुखदेवराव आजच तुझ्याकडे पोचवतील. मी मरेपर्यंत थांबू नकोस. काकाकडून मळसूत्र घे आणि उद्या ये. स्वरालीला आणू नकोस.