कोठीत एक सूतही वाया नाही

३ मार्च
नव्या घरात बायकोने एकच हट्ट धरलाय: स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली. रास्त आहे. आजवर आमचा सगळा किराणा पलंगाखाली. साखर हवी असली की बिचारीला जमिनीवर पालथं पडावं लागतं. आता बस्स! कोठीचं प्लॅनिंग मी स्वतः करणार. सुताराने फक्त फळ्या ठोकायच्या.

४ मार्च
सगळे डबे मोजले. झाकणासकट. बायको म्हणे, आधी जेवून घ्या. गांभीर्यच नाही.

६ मार्च
ऑफिसात चैन पडेना. मीटिंग चालू असताना उठून साहेबांच्या कपाटाला टेप लावली. काय चाललंय, म्हणाले. म्हटलं, सर, तुमच्या प्रत्येक खणात केवढी जागा फुकट जातेय! साहेबांनी मीटिंगच आटोपती घेतली. पटलं असावं.

९ मार्च
डब्याच्या वर मोकळी जागा म्हणजे निव्वळ आळस. जेवढा डबा तेवढाच खण. शेजारच्या डब्याशीही फट नको. अशाने एक अख्खा खण जास्तीचा निघतो! बायको म्हणाली, मग हात कुठून घालायचा? खोड काढल्याशिवाय हिला राहवत नाही. मुलगी फिदीफिदी हसली. आईवर गेलीय.

१० मार्च, पहाटे
झोप नाही. पुन्हा मोजलं. बरोबरच आहे.

२० मार्च
कोठी तयार! डबे मीच लावले. एकेक असा सरकत गेला की बघत राहावं. उद्या सासू-सासरे जेवायला येताहेत. सासरे मला पहिल्यापासून बिनकामाचा समजतात. उद्या त्यांची बोलती बंद.

२१ मार्च, सकाळ
तांदळाचा डबा बाहेर येत नाहीये. किरकोळ बाब. बोट शिरत नाही, इतकंच. लाकूड फुगलं असणार.

दुपार
डाळ नाही, पीठ नाही, साखर नाही. म्हणजे आहे सगळं. दिसतंय. उलथण्याने ओढून पाहिलं. आता उलथणंही आत अडकलंय.

सासऱ्यांनी कोठीतला एक डबा ओढून पाहिला. म्हणाले, चोरांची सोय ठेवली नाहीत, हे बरं केलंत. शेजारणीकडून साखर आणून चहा झाला. जेवण बाहेरून मागवलं. बायकोने सगळ्यांना हसतमुखाने वाढलं. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

२३ मार्च
सुताराने फळ्या उखडून डबे सोडवले. मी लगेच सुधारित प्लॅन घेऊन आत गेलो. बायको नव्या पलंगापाशी पालथी पडून डबे आत सरकवत होती. फार वाईट वाटलं. विचारलं, मावताहेत का?

म्हणाली, मावतात, आणि बाहेरही येतात. पलंग तुम्ही मोजला नव्हता ना.