लोकल टाकू की कंपनीचं?

१७ नोव्हेंबर, सोमवार

शाळेला वीस मिनिटं उशीर! मामांनी अर्ध्या रस्त्यात गाडी बाजूला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. मग म्हणाले, "स्टेरिंग थरथर करून राह्यलं. तुला न्हाई जाणवत?" मी शेजारी बसून वह्या तपासत होते, मला काय जाणवणार! मागे पायल "आई, प्रार्थना होऊन जाईल" करत बसली.

मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकतीस वर्षं एसटी चालवली. एक अपघात नाही. निवृत्त झाले आणि माझे ड्रायव्हर झाले — जाफराबादहून शाळा अठरा किलोमीटर, एसटीची वेळ जुळत नाही, आणि पायलही माझ्याच शाळेत पहिलीला. लायसन्स माझ्याकडेही आहे, मामांनीच शिकवलं. पण ते असताना मी कशाला उजवीकडे बसू? आज समोरून कापसाची ट्रॉली आली, रस्ताभर फुगलेली. मामांनी गाडी अशी काढली की वहीवरची माझी लाल खूणसुद्धा वाकडी झाली नाही. असा हात!

१८ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर भुजंगच्या गॅरेजवर. त्याने पुढचं चाक उचलून हलवलं तर कटकट आवाज. "काका बराबर बोलले. रॉडएंड झिजले." म्हणजे स्टिअरिंग चाकाला जोडणारे सांधे. मला तर आवाज आत्ता ऐकू आला, मामांना तो कालच तळहातात कळला होता.

भुजंगने बॉनेटवर दोन खोकी ठेवली. एक लोकल, पंधराशेत दोन्ही बाजू. दुसरं कंपनीचं — पाच हजार! "लोकल म्हंजे खराबच असं न्हाई मॅडम. पण किती दिवस चालंल ते मला सांगता येत न्हाई." मिथुनला पुण्याला फोन केला. नवरोबांचं उत्तर तयारच होतं : दोन वर्षांत गाडी विकायचीये, उगीच कशाला घालता पैसे? मामांना विचारलं तर, "गाडी तुझी हाय. तू म्हणशील तसं."

मी लोकल टाका म्हणाले.  मामा काही बोलले असते तर बरं झालं असतं.

१९ नोव्हेंबर

बसवले. कटकट गेली. साडेतीन हजार वाचवल्याबद्दल स्वतःलाच शाबासकी!

२० नोव्हेंबर, गुरुवार

शाबासकी परत घेतली. सकाळी उतरताना मामा हळूच म्हणाले, "थरथर हायेच अजून."

दिवसभर वर्गात लक्ष नाही. ज्या गाडीत लेकरू बसतं तिच्या स्टिअरिंगमध्ये मी काटकसर केली! साडीच्या दुकानात एवढी काटकसर कधी सुचली नाही बाईला.

संध्याकाळी भुजंगने सगळं पुन्हा तपासलं. चाकं, टायर, अलाइनमेंट. काही सापडलं नाही. तरी तो म्हणाला, "मशीनला कळत न्हाई मॅडम, काकाच्या हाताला कळतं. ते म्हणतात म्हंजे असंलच." खरं आहे. तालुक्यातले किती ड्रायव्हर या माणसाने तयार केलेत!

२२ नोव्हेंबर, शनिवार

अर्धी शाळा. येताना मामांनी सरळ रस्त्यावर गाडी थांबवली आणि मला उजवीकडे बसवलं. "साठनं चालव. काय लागतं हाताला?"

"काही नाही मामा."

"नीट धर. दाबू नको. ध्यान तळहातात ठेव."

ठेवलं. खूप ठेवलं. काही नाही! रस्त्याची खरखर तेवढी येत होती. लाज वाटली. हा माणूस स्टिअरिंग धरून सगळी गाडी वाचतो आणि मी त्याची शिष्या, ठोंबी. "माझा हात कच्चा आहे मामा," म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाहेर बघितलं.  नाराज झाले असतील.

जेवताना म्हणाले, "कंपनीचं टाकू. पैसे मी देतो, पेन्शनमधून."

मी कशाला देऊ देईन!

२३ नोव्हेंबर

मिथुनशी फोनवर भांडण. चार दिवसांचे नवे पार्ट कुणी काढून फेकतं का, म्हणे. म्हटलं, बापाच्या हातापुढे तुमचा हिशोब चालत नसतो. फोन ठेवून दिला. मग बराच वेळ हसू येत होतं. सासरच्या माणसाची बाजू घेऊन नवऱ्याशी भांडणारी मीच असेन जिल्ह्यात!

२६ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीचे रॉडएंड बसले. काय तो माणूस! खोक्याचं सील स्वतःसमोर फोडायला लावलं. स्टूल टाकून दोन तास चाकाजवळ बसले, नट आवळताना वाकून वाकून बघत होते. सगळं झाल्यावर भुजंगला विचारलं, "आता स्टेरिंगमधी काही राह्यलं न्हाई ना?"

"न्हाई काका."

"टायरमधी?"

"न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"अहो लिहून देऊ का?" भुजंग हसायला लागला. मामा हसले नाहीत. त्यांनी एकदा मान हलवली आणि पुसायचं फडकं मागून घेतलं. मला इतकं कौतुक वाटलं! नातीसाठी एवढी खात्री कोण करून घेतं? आपण पोरांना शिकवतो, काम मन लावून करा. मन लावणं म्हणजे हे. मी वर्गात सांगणार आहे हे.

२७ नोव्हेंबर

शाळेला सुट्टी, गावात यात्रा. मामा सकाळी एकटेच गाडी घेऊन गेले, तासाभराने आले. कसं वाटलं विचारलं तर म्हणाले, "चांगला माल हाय." संपलं एकदाचं! मिथुनला मेसेज टाकला : बघा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज गाडी मी नेली.

सकाळी मामा आधीच येऊन डावीकडे बसले होते. चावी माझ्या हातात दिली. "काल बघून आल्तो. थरथर तशीच हाय. लोकल असतं तं मी त्याच्यावरच ढकलत राह्यलो असतो, आन् पायलला घेऊन जात राह्यलो असतो. आता गाडीत काही खराब न्हाई, पोरी."

आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बारा दिवस मी या हातांबद्दल लिहितेय. आज पहिल्यांदा नीट बघितले.